आसन केव्हा, धाव केव्हा? : वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच चिंता आहे. मैदानावर खेळणाऱ्या मुलामुलींनी योगासने करावीत का, करावीत तर केव्हा, आणि दुखापत झाल्यावर ती आसनांनी बरी होते का, असे वाचकांनी विचारले आहे. मी छत्रपती संभाजीनगरात धावपटूंना आणि खो-खो, कबड्डीच्या खेळाडूंना सराव देतो. योगशिक्षकाचे शिक्षण आधी घेतले, स्पोर्ट्स थेरपीचे नंतर. या दोहोंची सांगड आठवड्याच्या सरावात कशी घालायची, हे मात्र खेळाडूंबरोबर मैदानावरच शिकलो. कोणतेही आसन सरावात घेण्यापूर्वी, या खेळाडूला ते नेमके कशासाठी हवे, आठवड्यातल्या कोणत्या वेळी हवे आणि किती हवे, हे मी स्वतःला विचारतो. उत्तर सापडले नाही, तर ते आसन खेळाडूला कितीही छान जमत असले तरी त्या दिवशी घेत नाही. खालील पाच पत्रांची उत्तरे याच अंगाने दिली आहेत.

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक असून १७ वर्षांखालील मुलींचा खो-खो संघ सांभाळतो. आमच्या जिल्ह्याच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भारताच्या मुलींनी पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, त्यामुळे आता पालक मुलींना आपण होऊन मैदानावर पाठवतात. आम्ही प्रत्येक सामन्यापूर्वी अर्धा तास सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन आणि हनुमानासन घेतो. तरीही दोन वर्षांत तीन मुलींच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला, त्यांतल्या एकीचा दोनदा. योग बंद करावा का? – एक क्रीडाशिक्षक, धाराशिव जिल्हा

उत्तर : सर, योग बंद करू नका, त्याची वेळ बदला. शिवाय योगाने जे काम होत नाही, ते दुसऱ्या व्यायामाकडून करून घ्या.

आधी वेळेविषयी. एकाच स्नायूला एका मिनिटाहून अधिक काळ स्थिर ताण दिला, तर त्यानंतर काही वेळ त्या स्नायूची झटक्याने जोर लावण्याची क्षमता थोडी उतरते. दहा-वीस सेकंदांच्या ताणाने फारसे बिघडत नाही, परंतु पश्चिमोत्तानासनात दोन-दोन मिनिटे थांबून मुली थेट मैदानात उतरत असतील, तर ज्या क्षणी त्यांना चौरसातून उसळून उठायचे आहे नेमक्या त्याच क्षणासाठी आपण त्यांना सैल करून पाठवत आहोत. सामन्यापूर्वीची पंधरा मिनिटे हालचालीला द्यावीत. संथ धाव, पाय पुढे-मागे झुलवणे, लांब पावले टाकत खाली बसून उठणे, गुडघे उचलून उड्या घेत जाणे आणि शेवटी वीस-वीस मीटरच्या चार-पाच धावा, ज्यांतली पहिली निम्म्या वेगाची आणि शेवटची जवळजवळ पूर्ण वेगाची असावी, एवढे पुरते. सूर्यनमस्कार घ्यायचेच असतील तर सुरुवातीला, न थांबता, चार-पाच आवर्तने घ्यावीत. दीर्घ ताणाची आसने संध्याकाळी घ्यावीत किंवा सराव नसलेल्या दिवशी.

आता दुखापतीविषयी. पूर्ण वेगात धावताना पाय पुढे झेपावतो आणि जमिनीला टेकण्याच्या अगदी आधी मांडीचा मागचा स्नायू लांब होता होताच त्या पायाला आवर घालतो. धावताना हा स्नायू फाटतो तो बहुधा याच वेळी. म्हणून त्याला नुसती लांबी असून भागत नाही, लांब झालेल्या अवस्थेत ओझे पेलण्याची ताकद लागते. हनुमानासन सहज करणाऱ्या मुलीचा स्नायूही म्हणूनच फाटू शकतो, आणि तुमच्या संघात बहुधा हेच घडत असावे.

ही ताकद कमावण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. मुलीने सतरंजीवर गुडघ्यांवर उभे राहावे, मैत्रिणीने मागून तिचे दोन्ही घोटे घट्ट दाबून धरावेत, आणि तिने गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवून जितके सावकाश जमेल तितके सावकाश पुढे झुकावे. तोल सुटला की दोन्ही तळहातांवर पडावे आणि हातांनी ढकलून परत यावे. मैदानावर आम्ही याला ‘नॉर्डिक’ म्हणतो. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचच्या दोन फेऱ्या पुरेत, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या चांगल्याच भरून येतात. पुढे दोन महिन्यांत आठवड्यातून दोन दिवस, आठ-आठच्या तीन फेऱ्यांपर्यंत जावे. निरनिराळ्या खेळांतील अभ्यास एकत्र करून पाहिले असता, हा व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत या स्नायूच्या दुखापती सुमारे निम्म्यावर आलेल्या दिसतात. सामन्याच्या आदल्या दिवशी मात्र तो घेऊ नये.

सरावातली आणखी एक उणीव सहसा लक्षात येत नाही. शाळेच्या लहान मैदानावर मुली रोज खेळतात, पण पूर्ण वेगाने सरळ धावतात ती थेट स्पर्धेतच. ज्या वेगाची स्नायूला सवय नाही, त्या वेगानेच तो दुखावतो. आठवड्यातून दोनदा, पुरेशी विश्रांती देत, तीस मीटरच्या पाच-सहा पूर्ण वेगाच्या धावा सरावात असल्याच पाहिजेत.

योगाचे इथे काम काय, असे तुम्ही विचाराल. ते पाहण्यासाठी एकदा बाजूला बसून फक्त चौरसातल्या मुलींच्या पायांकडे पाहा. उकिडवे बसताना कोणाची टाच उचललेली राहते, आणि ‘खो’ मिळून उठताना पहिल्याच पावलाला कोणाचा गुडघा आतल्या बाजूला कोसळतो, याची नोंद करा. जिची टाच टेकत नाही तिला मालासन द्यावे, सुरुवातीला टाचेखाली घडी घातलेले पोते ठेवून. जिचा गुडघा कोसळतो तिला एका पायावरचे उत्कटासन आणि वीरभद्रासनाचा तिसरा प्रकार द्यावा, आणि गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो की नाही हे समोर बसून पाहावे. सेतुबंधासनात टाचा नेहमीपेक्षा वीतभर पुढे ठेवल्या आणि एक पाय उचलला, की तेच आसन मांडीच्या मागच्या स्नायूचा उत्तम व्यायाम होते. आसन तेच राहते, पण कोणाला कोणते द्यायचे हे त्या मुलीची हालचाल पाहून ठरते.

तुमच्या ज्या मुलीला दोनदा दुखापत झाली, तिच्यासारख्याच एका मुलाची आठवण मला अजून अस्वस्थ करते. मी नवखा होतो. त्याचा स्नायू ‘आखडलेला’ आहे असे तो सांगे आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ त्याला ताणत असे. प्रत्यक्षात जखमी झालेला स्नायू स्वतःला जपण्यासाठी आवळून घेत होता आणि मी भरत आलेली जखम पुन्हा पुन्हा उसवत होतो. विभागीय स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तो तिसऱ्यांदा जायबंदी झाला आणि त्याचे ते वर्ष गेले. तो दोष माझा होता. म्हणून सांगतो, पहिले काही दिवस ताण नकोच. दुखणार नाही इतपत चालणे, मग पाठीवर झोपून टाचा जमिनीत दाबणे, मग संथ धाव, असा क्रम ठेवावा. बोटाने दाबल्यावर दुखत नाही, पाठीवर झोपून सरळ पाय दुसऱ्या पायाइतकाच वर जातो आणि पूर्ण वेगात धावताना मनात धास्ती उरलेली नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय तिला सामन्यात उतरवू नका.

प्रश्न : मी २२ वर्षांची असून पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे चार वाजता लातूर रस्त्यावर डांबरीवर धावते. दीड महिन्यापासून दोन्ही नडग्या दुखतात, उजवी जास्त. वजन कमी व्हावे म्हणून रात्रीचे जेवण सोडले आहे. चार महिन्यांपासून पाळी आलेली नाही, पण मैत्रिणी म्हणतात, व्यायामाने असे होतेच. वज्रासन आणि प्राणायामाने नडगी बरी होईल का? – एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : ताई, तुम्ही पत्रात शेवटी शेवटी लिहिलेली पाळीची गोष्ट मला सर्वांत आधी घ्यावी लागेल. व्यायामाने पाळी थांबणे स्वाभाविक नाही. शरीराला खर्चाच्या मानाने अन्न कमी पडू लागले की ते जी कामे थांबवते, त्यांत पाळी येते आणि हाडांची डागडुजीही येते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला ‘रेड-एस’ असे नाव दिले. पाळी थांबलेली असताना नडगी दुखणे ही हाडाला बारीक तडा जात असल्याची खूण असू शकते. तेव्हा याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि दोघांनाही दोन्ही तक्रारी सांगा.

तोवर घरी एक गोष्ट पाहता येईल. नडगीच्या आतल्या कडेने बोट दाबत वरून खाली या. दुखरी जागा तीन-चार बोटांहून अधिक लांब पसरलेली असेल, तर ते बहुधा हाडाच्या आवरणाचे आणि स्नायूंचे दुखणे असते आणि भार कमी केला की उतरते. नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री अंथरुणातही ठणकत असेल किंवा एका पायावर उडी मारताच तीच जागा दुखत असेल, तर धावणे आजपासूनच बंद. तडा नवा असताना साध्या एक्स-रेमध्ये दोन-तीन आठवडे दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला आणि तरी दुखतच राहिले, तर एमआरआयविषयी डॉक्टरांना जरूर विचारा.

वज्रासनाने नडगीचे हाड भरत नाही. उलट घोट्यावर आणि नडगीच्या पुढच्या भागावर दाब येऊन त्रास वाढू शकतो, त्यामुळे सध्या ते टाळा. प्राणायाम झोपेपूर्वी खुशाल करा, झोप चांगली लागेल, पण त्याला हाडावरचा उपचार समजू नका. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पोटऱ्यांचे व्यायाम सुरू करावेत : पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा सावकाश उचलणे, आणि खुर्चीवर बसून मांडीवर धान्याची पिशवी ठेवून तेच करणे. धावण्याऐवजी सायकल चालवल्यास दम टिकून राहतो. पुन्हा धावायला लागाल तेव्हा एक दिवसाआड धावा, चालणे आणि धावणे आलटून पालटून ठेवा, आणि डांबरी रस्त्याऐवजी शक्यतो तालुका क्रीडा संकुलाची मातीची धावपट्टी धरा. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळून दगडासारखी होते आणि शेताच्या कडेने धावताना घोटा मुरगळतो, म्हणून मुली रस्ता धरतात हे मी जाणतो. परंतु रोजचे अंतर एकदम दुप्पट करणे हे डांबरापेक्षाही घातक आहे.

रात्रीचे जेवण आजपासून सुरू करा. दोन ज्वारीच्या भाकरी, घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, दही किंवा दूध, आणि घरी चालत असेल तर अंडी. पहाटे धावण्यापूर्वी एक केळे किंवा गूळ-शेंगदाणे खाऊनच बाहेर पडा. भरतीतल्या ८०० मीटरला वजनाचे गुण नसतात, वेळेचे असतात, आणि उपाशी पायांनी वेळ सुधारत नाही.

प्रश्न : मी नांदेडमध्ये योगवर्ग चालवतो. धावपटू माझ्याकडे ‘दम वाढवण्यासाठी’ येतात. प्राणायामाने दम वाढतो, असे त्यांना सांगणे योग्य आहे का? – एक योगशिक्षक, नांदेड

उत्तर : धावपटू ज्याला दम म्हणतात तो मुख्यत्वे हृदय एका मिनिटात किती रक्त पुढे ढकलते आणि पायांचे स्नायू त्यातला प्राणवायू किती वापरतात, यावर अवलंबून असतो. निरोगी तरुणाची फुप्फुसे सहसा अपुरी पडत नाहीत. म्हणून दम वाढतो तो धावण्यानेच, लांब संथ धावांनी आणि अधूनमधून घेतलेल्या जलद टप्प्यांनी. हे आपण त्यांना स्पष्ट सांगावे असे मला वाटते.

तरीही आपल्याजवळ देण्यासारखे पुष्कळ आहे. मिनिटाला सुमारे सहा श्वास, या लयीत दहा मिनिटे श्वसन केले की नाडीचे ठोके श्वासाबरोबर कमी-जास्त होऊ लागतात आणि शरीर विश्रांतीकडे वळते. सरावानंतर, झोपेपूर्वी, किंवा लांब उडीच्या दोन प्रयत्नांमधल्या वेळात याचा उपयोग मी स्वतः पाहिला आहे. शर्यतीच्या तोंडावर जोराची कपालभाती मात्र देऊ नये. तिने चक्कर येऊ शकते, आणि ज्यांना उच्च रक्तदाब आहे त्यांच्यासाठी ती योग्यही नाही. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद मूळचे व्यायामाच्या परंपरेतले; बडोद्याला प्राध्यापक माणिकरावांकडे ते तयार झाले होते, आणि त्यांनी योगक्रियांचा परिणाम प्रयोगशाळेत मोजून पाहण्याची प्रथा घातली. आपणही आपल्या वर्गात येणाऱ्या धावपटूंची सकाळी उठल्याबरोबरची नाडी रोज वहीत लिहून ठेवा. ती सलग काही दिवस नेहमीपेक्षा वाढलेली दिसली, तर तो खेळाडू थकला आहे, आजारी पडतो आहे किंवा नीट झोपत नाही, हे त्याच्या प्रशिक्षकाच्या आधी आपल्याला कळेल.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला टेंगूळ आले आहे आणि पळताना दुखते. तेलाने रगडावे का? – एक आई, परभणी

उत्तर : रगडू नका. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात मांडीचा पुढचा स्नायू नडगीच्या वरच्या टोकावर ओढ देत राहतो आणि तेथील कोवळा भाग दुखावतो. उड्या आणि धावणे काही आठवडे कमी करावे, खेळून आल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावावा, गुडघे टेकून बसण्याची आसने टाळावीत. वाढ पूर्ण झाली की हे दुखणे बहुतेक मुलांत आपोआप थांबते. सूज एकाएकी वाढली, ताप आला किंवा रात्री झोपमोड होऊ लागली, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

प्रश्न : माझा मुलगा १८ वर्षांचा, पैलवान आहे. गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा बंध तुटल्यामुळे पाच महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झाली. तो आता वज्रासनात बसतो, मांडी घालतो, गुडघा पूर्ण वाकतो. वस्ताद म्हणतात, हंगाम जवळ आला आहे, मॅटवर येऊ द्या. आमच्या पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून पोराच्या डोळ्यांत तेच स्वप्न आहे. पाठवू का? – एक शेतकरी वडील, बीड जिल्हा

उत्तर : भाऊ, आत्ता पाठवू नका. गुडघा वाकतो याचा अर्थ सांधा मोकळा झाला एवढाच आहे. त्याच्या आत बसवलेला नवा बंध अजून पक्का होत आहे आणि त्याला सांभाळणारा मांडीचा स्नायू बहुधा अजून निम्म्या तयारीचा असेल. खेळाडूंवरील अभ्यासांत असे दिसले आहे की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत खेळात परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायबंदी होण्याचे प्रमाण बरेच अधिक असते, आणि परतणे जितके महिने लांबवले तितका धोका नवव्या महिन्यापर्यंत उतरत जातो. कुस्तीत तर पाय पकडून गुडघा पिळला जातो, त्यामुळे नऊ महिने ही माझ्या मते कमीत कमी मुदत समजावी.

घरी शिंप्याची टेप घ्या. वाटीच्या वरच्या कडेपासून चार बोटे वर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. शस्त्रक्रिया झालेली मांडी अजून दोन-तीन सेंटिमीटर बारीक भरली, तर तुम्हाला आणि मुलालाही वेगळे समजावण्याची गरज पडणार नाही. फिजिओ यंत्रावर ताकद मोजतात. जखमी पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के भरावी, आणि एका पायावरच्या लांब उडीतही तेवढेच अंतर जावे, अशी अपेक्षा असते. घेर आणि ताकद एकच नव्हे, त्यामुळे टेपवर थांबू नका, चाचणी करून घ्याच.

मधले महिने वाया जात नाहीत. शल्यविशारदांना विचारून वज्रासन आणि पद्मासन सध्या कमी करा, आणि उत्कटासन, वृक्षासन, एका पायाचे सेतुबंधासन यांवर भर द्या. वृक्षासन आधी डोळे उघडे ठेवून, नंतर मिटून, कारण जुना बंध तुटल्यावर गुडघ्याची ‘आपण कोठे आहोत’ ही जाणीवही मंदावते. बैठका सुरुवातीला अर्ध्याच, खुर्चीच्या उंचीपर्यंत, आणि फिजिओ सांगतील त्या वजनाने. जोर, पकड आणि खांद्याची मेहनत तालमीत चालू राहू द्या, म्हणजे तो आखाड्यापासून तुटणार नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे यांनाही गुडघ्याच्या दुखापतीमुळे २०२५ च्या टोकियोच्या जागतिक स्पर्धेला मुकावे लागले. एवढ्या मोठ्या धावपटूलाही जिथे थांबावे लागते, तिथे आपल्या मुलाचा हा एक हंगाम गेला म्हणून गावात कोणी काही बोलले, तर ते मनावर घेऊ नका.

वस्तादांना टाळून मात्र हे करू नका. नवव्या महिन्यात ताकदीची चाचणी ठरेल, त्या दिवशी त्यांनाही फिजिओकडे सोबत घेऊन जा आणि दोन्ही पायांचे आकडे त्यांच्यासमोरच कागदावर लिहून घ्या.